संगणकातली खाडी

किशोरीच्या घरात संगणक आला तेव्हा चिंबोरपाड्यातल्या निम्म्या घरांत फ्रीज नव्हता. मासळीला बर्फ पनवेलहून यायचा, त्यामुळे फ्रीजवाचून कुणाचं अडत नव्हतं, आणि संगणकावाचून तर मुळीच नाही. तरी तिच्या आईनं, सोनाबाईनं, तो आणू दिला. नवरा दयाराम आठ वर्षांपूर्वी काविळीनं गेला, घरात ह्या दोघीच, आणि मुलगी आयटीआयमधून ड्राफ्ट्समन होऊन पनवेलला एका इंजिनियरकडे नकाशे काढत होती. आता तिला ते काम घरी बसून करायचं होतं, तर करू दे. खाडीवरचा खारा वारा लागून यंत्र गंजू नये म्हणून सोनाबाईनं आपल्या जुन्या लुगड्याचा एक तुकडा त्यावर पांघरला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो उचलून आत काय आहे ते दाखवू लागली.

आत काय होतं ते खरं तर कमरुद्दीनभाईंनाच ठाऊक. पनवेलला टपाल नाक्याजवळ त्यांचं दुकान होतं, तिथं ते मोडीत निघालेले संगणक उघडून त्यांचे तीनाचे दोन करत. किशोरीचं यंत्र असंच जुळवलेलं होतं. पेंटियम थ्री एका बँकेनं टाकून दिलेला, मॉनिटर दुसरीकडचा, आणि थ्रीडी कार्ड बंद पडलेल्या गेम पार्लरमधून आणलेलं. २००४ सालात पनवेलमध्ये याहून चांगली यंत्रं मिळत होती, पण ती किशोरीला परवडणारी नव्हती. भाई म्हणायचे, हे कार्ड म्हातारं आहे, पण घोडं आहे.

त्याच वर्षी गावाला कंपनी लागली. खाडीकाठची गावाची जागा एका कंपनीला गोदामांसाठी हवी होती. बेचाळीस घरं उठायची आणि त्यांना करंजाड्याच्या मागं नव्या वसाहतीत बेचाळीस घरं मिळायची, पक्की, स्लॅबची, नळाच्या पाण्याची. एका घरानं जरी कागदावर अंगठा दिला तरी त्या घराचा सौदा पक्का, असा करार होता. गावात त्यावर पुढची दोन वर्षं नुसती भांडणं चालली. नवी जागा कुणाला धड बघता येत नव्हती, कारण तिथं भराव चालू होता आणि चारी बाजूंनी पत्रे ठोकले होते. जी दोन-चार माणसं जाऊन आली त्यांना पत्र्याच्या फटीतून मुरमाचे ढीग आणि डंपर दिसले. आणि आपल्याकडे खाडी कुठून शिरते, कुठं वळते, कुठल्या गावाच्या पाठीशी निघते, याचा थांग सरकारी नकाशालाही लागत नाही. त्यामुळे तिथं पाणी जवळ आहे की लांब, हा वाद सोडवणारं कुणी नव्हतं. कोळ्याला बाकी काही नसलं तरी चालेल, पाणी जवळ हवं. होडी बांधायला, जाळी धुवायला, बांबूंच्या वलांडीवर बोंबील सुकवायला.

कंपनीचे लोकसंपर्क अधिकारी दिनानाथ साहेब हुशार माणूस. गावात बोलताना चप्पल काढून मंडपात शिरायचे, म्हाताऱ्यांना काका म्हणायचे. त्यांना कुठून तरी कळलं की गावातलीच एक मुलगी संगणकावर चित्रं काढते. ते घरी आले, लुगड्याचा तुकडा स्वतःच्या हातानं बाजूला केला आणि म्हणाले की नवं गाव ह्यात बांधून दाखव, लोकांना त्यातून चालता आलं पाहिजे. व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणतात त्याला. किशोरीला तो शब्द माहीत होता. गेली दोन वर्षं ती त्याच्याच मागं लागली होती, पण आजवर तिनं बांधलेल्या खोल्यांतून तिच्याशिवाय कुणी चाललं नव्हतं. तिनं होकार देताना पैशांचं विचारलंसुद्धा नाही, याचा सोनाबाईला पुढं कितीतरी दिवस राग होता.

महिनाभर ती त्या कामात बुडाली. खोली आहे असं वाटायचं तर प्रत्येक डोळ्याला वेगळं चित्र हवं. त्यासाठी पुठ्ठ्याचे चष्मे, एका डोळ्याला लाल जिलेटिन, दुसऱ्याला निळं, गणपतीच्या मखराला लावतात तेच. चष्मे सोपे होते. पण दोन डोळे म्हणजे यंत्रानं प्रत्येक चित्र दोनदा काढायचं, आणि ते म्हातारं घोडं दुसऱ्या चित्राला बसकण मारायचं. बेचाळीस वेगळी घरं त्याला पेलेनात, म्हणून तिनं एकच घर बांधलं आणि तेच बेचाळीस वेळा उभं केलं. झाडं पुठ्ठ्यासारखी चपटी केली. तरीही एक पाऊल टाकलं की चित्र अडकायचं, मग भानावर येऊन पुढच्या पावलाला हलायचं.

तेव्हा कमरुद्दीनभाईंनी तिला युक्ती दिली. "बेटा, मशीनची ताकद बघून दुनिया बनवायची," ते म्हणाले. "लांबचं जे झेपत नाही ते धुक्यात टाक. धुक्याला मेहनत लागत नाही."

युक्ती काही त्यांची एकट्याची नव्हती, त्या काळी जगभरचे लोक तेच करत होते. पन्नास पावलांपलीकडे पांढरं धुकं सोडायचं आणि त्यामागचं काही काढायचंच नाही. किशोरीनं तसं केलं आणि गाव एकदम चालायला लागलं. गल्लीतून जाता येऊ लागलं, घराला वळसा घालता येऊ लागलं. एक खोट तेवढी राहिली. कार्ड जुनं, त्याला रंगांच्या बारीक छटा सलग दाखवता येत नव्हत्या, त्यामुळे गल्ली संपते तिथं धुक्यात करडे आडवे पट्टे उमटायचे आणि आपण चाललो की तेही हलायचे. ते घालवायला तिनं दोन दिवस डोकं फोडलं. गेले नाहीत, मग तिनं ते तसेच राहू दिले.

धुक्यामागं काय आहे ते तिला माहीत होतं. कंपनीनं दिलेल्या नकाशात वसाहतीच्या हद्दीला लागून बारा फुटी भिंत होती आणि भिंतीमागं कंटेनरचं आवार. खाडीचा एक फाटा पूर्वी तिथवर यायचा, तो बुजवलेला दाखवला होता. पण दिनानाथ साहेबांनी सांगितलं होतं की आपल्या हद्दीपुरतंच काढ, आणि यंत्रानं सांगितलं होतं की त्याहून जास्त जमणार नाही. दोघांचं म्हणणं एकच पडलं, तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मंगळवारी गावदेवीच्या मंडपात सभा भरली. संगणक टेम्पोतून उशांवर ठेवून आणला, वर कापडी फलक लावला. मॉनिटर तो केवढासा, म्हणून सहा-सहा जणांनी समोर बसायचं, चष्मे लावायचे, आणि किशोरीनं बाण दाबत त्यांना गावातून फिरवून आणायचं असं ठरलं. पहिल्या सहांत ठमाबाई होती. ठमाबाई म्हणजे किशोरीची आत्या, दयारामची थोरली बहीण. पनवेलच्या मासळी बाजारात चिंबोरपाड्याच्या बायका कुठं बसणार आणि काय भावानं विकणार, हे तीच ठरवायची, आणि सभेत तिनं मान हलवली की बायकांच्या माना हलायच्या.

चष्मा लावलेली आत्या बघून किशोरीला हसू आलं. आत्यानं मात्र गंभीरपणे घरं बघितली, हात पुढं करून एका भिंतीला लावायला गेली, हात हवेत राहिला तेव्हा स्वतःच हसली. बाकीच्यांनी आपलं घर कुठलं ते विचारलं, किशोरीनं सगळी सारखीच आहेत असं सांगितलं. मग ती त्यांना गल्लीच्या टोकाला घेऊन गेली आणि थांबली, कारण पुढं काही नव्हतं.

ठमाबाई बराच वेळ त्या करड्या, आडव्या पट्ट्यांकडे बघत राहिली. लाल-निळ्या जिलेटिनमधून ते चमकत होते.

"पानी घरामागंच हाय की," ती म्हणाली. "बगा ग, खाडी हाय."

शेजारी महादेव बसला होता, साठ वर्षं खाडीत घालवलेला. त्यानं चष्मा नाकावर दाबून धरला आणि निवाडा दिला की भरती लागलेली आहे, सकाळची वेळ आहे, म्हणून धुकं बसलंय. थंडीच्या दिवसांत खाडीवर असंच दिसतं, हे तिथल्या सहाही जणांना लहानपणापासून माहीत होतं. आपल्या उभ्या जन्मात त्यांनी धुक्यामागं पाण्याशिवाय दुसरं काही बघितलंच नव्हतं.

किशोरीचं बोट बाणावर तसंच राहिलं. तोंड उघडायचं होतं, पण मागं दिनानाथ साहेब उभे होते आणि त्यांनीही ते ऐकलं होतं. ते काही बोलले नाहीत. तोवर पहिले सहा उठले, बाहेर जाऊन खाडी दिसल्याचं सांगूनही मोकळे झाले आणि दुसरे सहा बसले ते घरं सोडून आधी खाडीच मागू लागले. किशोरीनं त्यांना गल्लीच्या टोकाला नेलं. तिसऱ्यांनाही नेलं. त्या दिवशी सगळ्या गावाला तिनं आपल्या हातानं तिथवर नेऊन उभं केलं, आणि प्रत्येक वेळी हात जास्त जड झाला, तरी नेलं. शेवटच्या फेरीत सोनाबाई होती. ती डोक्यावरचा पदर सावरून बसली आणि शेजारणीला म्हणाली, जरा सरक, माज्या पोरीनं केलाय.

बुधवारी किशोरी दिनानाथ साहेबांच्या पनवेलच्या कचेरीत गेली. त्यांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला. मग म्हणाले, आपण खाडी दाखवली का? नाही. खाडी आहे असं कुठं लिहिलं का? नाही. "तू धुकं दाखवलंस, आणि तेही तुझ्या मशीनला झेपत नव्हतं म्हणून. माणसांना त्यात काय दिसावं हे आपल्या हातात नाही, किशोरीताई." त्यांनी पुढं असंही सांगितलं की कंपनी अजून चार गावांचं असंच काम काढणार आहे, त्यासाठी कायमची जागा आहे, नवं कोरं मशीन आहे. रविवारच्या सभेत अंगठे होऊ देत, मग बोलू.

ती उठली. आपण भांडलो नाही याची तिला परतीच्या वाटेवर लाज वाटली. त्याहून जास्त लाज याची वाटली की नव्या मशीनमध्ये काय-काय असेल याचा विचार तिच्या डोक्यातून जाईना.

मग तिनं एक ठरवलं. बोलायचं नाही, दाखवायचं. ज्या यंत्रानं चुकीचं दाखवलं त्याच यंत्रानं खरंही दाखवावं. गुरुवार आणि शुक्रवार तिनं नकाशावरून ती भिंत बांधली, भिंतीमागचं आवार बांधलं, एकावर एक चार-चार कंटेनर रचले, ट्रेलरचा रस्ता काढला, आणि धुकं पुसून टाकलं. यंत्र जागीच बसलं. ती यंत्राचा डबा पाठीशी बांधून कमरुद्दीनभाईंकडे गेली. त्यांनी दुकानातली सगळी रॅम काढून त्यात कोंबली, बाजूनं टेबलफॅन लावला, चित्र लहान केलं, रंग कमी केले. तरी एका पावलाला वीस सेकंद लागत होते.

"सच महाग असतं, बेटा, ह्या कार्डावर," भाई म्हणाले आणि फॅन जवळ सरकवला. पण त्यांनी एक गोष्ट नीट विचारली, की हे दाखवायच्या आधी तू आत्याला तोंडानं का सांगत नाहीस? किशोरी म्हणाली, त्यांचा डोळ्यांवर विश्वास आहे. भाईंनी गिऱ्हाइकाकडे तोंड वळवलं.

शनिवारी सकाळी आई मासळी आणायला करंजा बंदरावर आणि तिथून परस्पर बाजारात गेली तशी तिनं ठमाबाईला घरी बोलावलं आणि चष्मा हातात दिला. पहिलं चित्र आलं. दोघी थांबल्या. दुसरं आलं, त्यात भिंत अर्धीच आली आणि अर्धी नंतर आली. ठमाबाईनं चष्मा काढून पुसला, परत लावला. कंटेनर आले ते रंगीत चौकोन होऊन आले आणि मध्येच एक नाहीसा झाला. एवढ्यात आत्या उठली.

"बिगडला ग तुझा मशीन," ती काळजीनं म्हणाली. "परवा कसा झ्याक चालत व्हता. वाऱ्यानं गंजला वाटतं."

खोटं गाव सरसर चाललं होतं म्हणून ते खरं, आणि खरं गाव अडखळत होतं म्हणून ते बिघडलेलं. किशोरीला रडूच फुटलं. दोन दिवस राबून तिनं सत्याची अशी अवस्था करून ठेवली होती की घरच्या माणसालाही ते ओळखू येईना. तिनं बटण दाबून यंत्र बंद केलं आणि आत्याचे हात धरले.

"आत्ये, तिथं खाडी नाय. भिंत हाय. मला पहिल्यापासून ठाऊक व्हता."

ठमाबाई खाली बसली. तिनं ओरडा केला नाही. आमी खाडी समजलो हे तुला कवा कललं, एवढंच विचारलं. किशोरी म्हणाली, मंगळवारी, तुम्ही बोललात तेव्हाच. आत्यानं बोटांवर दिवस मोजले. चार भरले. त्या चार दिवसांत तिनं बाजारात बसून एकेका बाईला पटवलं होतं, ज्या नको म्हणत होत्या त्यांनाही, मी डोळ्यांनी पाणी पाहिलं म्हणून सांगून. किशोरीला वाटलं, एक थोबाडीत मारील तर बरं.

"मी सांगनार नाय," आत्या म्हणाली. "तू दावलास, तूच सांग. घरोघर जा. नि तो डबा नको नेऊस बरोबर."

किशोरी गेली. सकाळी नऊला सुरुवात केली. पहिल्या घरी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, कारण गाव बांधणारी पोर ती. तिनं उभ्यानंच सांगितलं. त्यांनी खुर्ची परत आत नेली. दुसऱ्या घरी बाईनं ऐकून घेतलं आणि दार लावलं. महादेवच्या घरी तर कहर झाला. म्हातारा चिडून म्हणाला की भरतीचं पाणी मला कळत नाही का, साठ वर्षं मी काय गटारात काढली? ते पाणी नाही, रंगांचे पट्टे आहेत, हे त्याला समजावताना तिच्या तोंडाला कोरड पडली, आणि समजलं तेव्हा म्हातारा इतका गप्प झाला की तिला त्याचं चिडणं परवडलं असं वाटलं. कुणी म्हणालं कंपनीनं दिले तेवढे पुरले नाहीत वाटतं, कुणी म्हणालं दुसऱ्या पार्टीनं फोडली. एका घरी तिच्या बरोबरीची मैत्रीण निशा आतून बाहेरच आली नाही. पण सांगितलं तिनं सगळीकडे. ठमाबाईचं पहिलं धरून संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस घरं झाली.

बेचाळिसावं घर तिचं स्वतःचं होतं.

सोनाबाई नुकतीच बाजारातून आली होती आणि चूल पेटवत होती. आज बाजारात बायका आपल्यापासून लांब बसल्या, हे तिनं सांगितलं, पण तक्रार म्हणून नाही. जळतात, ती म्हणाली, माझी पोर पुढं गेली म्हणून. मग ती नव्या घराविषयी बोलू लागली. मागच्या बाजूला वलांडी घालायची, पाणी तिथंच आहे, टोपली डोक्यावरून फार लांब न्यावी लागणार नाही, तिचे गुडघे आता दुखतात. किशोरी पाटावर बसून ऐकत राहिली. एक्केचाळीस घरांत जे बोलून जीभ सोलली होती ते इथं बोलायचं बाकी होतं, आणि इथंच ते तोंडातून निघेना. दयाराम गेल्यापासून आईला असं भरभरून बोलताना तिनं पाहिलं नव्हतं. उद्या सभेत सगळ्यांबरोबर ऐकेलच, तिनं मनाशी म्हटलं. घरचीच तर आहे, तिला काय वेगळं सांगायचं. आज राहू दे. आणि ती जेवली.

रविवारी सकाळी उजाडल्याबरोबर ठमाबाईनं तिला बोलावून घेतलं. सभेत कुणी काय बोलायचं ते ठरवायचं होतं. तिथून दोघी थेट मंडपात गेल्या. दिनानाथ साहेब आधीच येऊन बसले होते, पुढ्यात फाईल, शाईचं पॅड, नारळ. त्यांनी बोलायला सुरुवात केली तशी ठमाबाई उठली आणि म्हणाली की नवीन गावामागं पाणी नाही, आम्ही अंगठा देत नाही. बायकांच्या माना हलल्या. मग महादेव उठला, त्याला बोलणं जमलं नाही, पण तो उभा राहिला आणि त्याच्यामागं पुरुषही उभे राहिले. किशोरीनं पाच दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

दिनानाथ साहेब रागावले नाहीत. कंपनी कुणावर जबरदस्ती करणार नाही, हे त्यांनी हात जोडून सांगितलं. फाईल बांधता-बांधता ते थांबले.

"एक संमती मात्र आलेली आहे," ते म्हणाले. "ती तेवढी वाचून दाखवतो. घर क्रमांक सतरा. सोनाबाई दयाराम कोळी."

मंडपात सगळ्यांनी एकदम मागं वळून बघितलं, आणि मग लक्षात आलं की सोनाबाई मागं नाहीच. ती पुढं होती, खांबाजवळ, आणि तिच्या खांद्यावर शाल होती. किशोरीलाही ती आताच दिसली.

सकाळी किशोरी आत्याकडे गेल्यावर दिनानाथ साहेब घरी आले होते. तुमच्या पोरीनं गाव बांधलं, तेव्हा पहिला मान तुमचा, असं म्हणून त्यांनी शाल पांघरली, ओटीत नारळ घातला. चिंबोरपाड्यात नवरा गेलेल्या बाईला पहिला मान कुणी देत नाही. नारळी पुनवेला तिचा नारळ खाडीत सर्वांत शेवटी पडतो, हळदीला तिला मागं उभं करतात. दहा वर्षांत पहिल्यांदा कुणी तिच्या दारी येऊन म्हणालं होतं की आधी तुम्ही. सोनाबाईनं अंगठा दिला तो आनंदानं.

मंडपात आता कुजबूज वाढली. दुसऱ्यांना नको म्हणते आणि स्वतःचं घर आधी करून घेते, असं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. किशोरी पुढं धावली, तो कागद परत द्या म्हणाली. साहेबांनी सांगितलं की मूळ कागद सकाळीच कचेरीत पाठवला, ही प्रत आहे, आणि एका घराचा करार त्या घरापुरता पक्का असतो, हे गावाला ठाऊक आहे.

सोनाबाईला काय चाललंय ते हळूहळू कळत गेलं.  तिनं नणंदेकडे बघितलं.

"ठमाबाय, तुमाला कवा कलला, पानी नाय त्ये?"

"काल सकाली."

मग तिनं शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, काल दुपारी. तिच्यामागच्या बाईला विचारलं. तिलाही काल, दिवेलागणीच्या आधी. चौथ्या बाईला तिनं विचारलं नाही. ती मुलीकडे वळली. ज्यांनी आरोप केला होता त्यांनाही आता कळलं होतं की ह्या बाईला काही माहीत नव्हतं, आणि ते कळून कुणालाही बरं वाटलं नव्हतं.

"सगल्या गावाला सांगितलास," सोनाबाई म्हणाली. "मनाच का नाय सांगितलास?"

"तू खूश व्हतीस, आये," किशोरी म्हणाली. हे उत्तर खरं होतं.

सोनाबाईनं शाल काढली, तिची नीट घडी केली आणि नारळासकट साहेबांच्या पुढ्यात ठेवली. त्यानं कागद परत येणार नव्हता, हे तिलाही कळत होतं. मग ती तिथंच खाली बसली, गुडघ्याला हात लावून.

"आता मना तिथं राहायचा हाय," ती म्हणाली. "तवा तिथं मागं काय हाय, त्ये नीट सांग."

किशोरी तिच्यासमोर बसली आणि सगळ्या गावादेखत तिनं आईला सांगितलं. गल्ली किती लांब, भिंत किती उंच, भिंतीमागं कंटेनर किती आणि ट्रेलर दिवसरात्र कुठल्या बाजूनं येतील-जातील. वलांडीला जागा नाही, हेही सांगितलं. सोनाबाई शेवटपर्यंत ऐकत राहिली, आणि मध्ये एकदाही तिनं मुलीच्या तोंडावरची नजर काढली नाही.